पुनर्प्रक्रिया प्रकल्पातल्या टाक्यांचं सतत मापन: प्रत्येक ट्रान्सफरला अलार्म का वाजतो?

एमटेक_केमिकल

नमस्कार. एमटेकच्या प्रोजेक्टसाठी पुनर्प्रक्रिया प्रकल्पाच्या (वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढणाऱ्या) पुढच्या भागाचं सतत मापन आणि अणुद्रव्याचा चालू हिशेब अशी यंत्रणा संगणकावर उभी करते आहे. डेटा गाईडनी बनवून दिला आहे. त्यात काही दोष मुद्दाम मिसळले आहेत आणि ते मला ओळखायचे आहेत.

तीन टाक्या आहेत. ‘अ’ डिझॉल्व्हरनंतरची (इंधन आम्लात विरघळवल्यानंतरची) बफर टाकी, ‘ब’ हिशेबाची टाकी (नमुना इथे घेतात), ‘क’ एक्स्ट्रॅक्शनला द्रावण पुरवणारी. एक बॅच ५ घनमीटरची, टाक्यांच्या भिंती उभ्या, आडवा छेद २.५ चौरस मीटर. द्रावणात युरेनियम २५० ग्रॅम प्रति लिटर, प्लुटोनियम २ ग्रॅम प्रति लिटर, घनता १.४० किलो प्रति लिटर. प्रत्येक टाकीत तीन डिप ट्यूब (दाब मोजायच्या उभ्या नळ्या) आहेत: एक तळाशी, दुसरी तिच्या २५० मिमी वर, तिसरी द्रावणाच्या वर हवेत. अ मधून ब मध्ये एअरलिफ्टने ताशी २ घनमीटर वेगाने जातं, पाइप ५० मिमी आतल्या व्यासाचा, १० मीटर लांब. ब मधून क मध्ये स्टीम इजेक्टरने.

दाबावरून पातळी, पातळीवरून लिटर, आणि एका टाकीतले कमी झालेले लिटर वजा दुसरीत वाढलेले लिटर असा फरक काढते. १० लिटरच्या वर गेला की अलार्म. त्यात हे दिसतंय:

१) अ ते ब चालू असताना ४० लिटरपर्यंत ‘गायब’ होतात. ट्रान्सफर संपल्यावर अर्ध्या तासात फरक ६ लिटरवर येतो.
२) ब ते क ५००० लिटर पाठवले की क मध्ये १४० लिटर जास्त दिसतात.
३) क नुसती उभी असताना रोज १.१ लिटर घटते. सगळे व्हॉल्व्ह बंद.

मर्यादा ५० लिटर केली तर अलार्म थांबतात, पण ५० लिटर म्हणजे १०० ग्रॅम प्लुटोनियम. तेवढं दर वेळी सोडून देणं पटत नाही. मर्यादा ठरवायची कशी? आणि तिसरा प्रकार गळती आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

---

दाबमापी

मर्यादेला हात लावू नका अजून. आधी लिटर सोडा आणि किलोवर या. तुमचे निम्मे अलार्म त्यातच जातील.

डिप ट्यूबमधून हवेचे बुडबुडे सोडतो तेव्हा तळाच्या नळीत जो दाब लागतो तो वरच्या द्रवाच्या वजनाचा. उभ्या भिंतींच्या टाकीत दाब गुणिले छेद भागिले गुरुत्वत्वरण, की थेट द्रावणाचं वस्तुमान मिळतं (नळीच्या टोकाखाली उरणारा साठा वेगळा मिळवायचा). त्याला घनतेने भागून पातळी काढली, पातळीचे लिटर केले, की घनतेच्या मापनातली चूक आणि तापमानाचा प्रसार असे दोन्ही दोष आत शिरतात. द्रावण गरम झालं तर फुगतं, लिटर वाढतात. दाब मात्र जवळपास तोच राहतो. स्टीलची टाकीही फुगते, १५ अंशांना आकारमानात सुमारे ०.०८ टक्के, म्हणजे ५००० लिटरला ४ लिटर. तापमानाची ही दुरुस्ती किलोमध्येही करावी लागते, पण तिथे छेदापुरती, म्हणून थोडी कमी.

आता तुमचे तिन्ही प्रकार.

पहिला. ताशी २ घनमीटर म्हणजे सेकंदाला ०.५६ लिटर. दोन्ही टाक्यांच्या मापनाच्या घड्याळांत ३० सेकंदांचा फरक असेल तर १७ लिटर तिथेच ‘गायब’. तुमचा पाइप ५० मिमीचा, १० मीटरचा: त्यात १९.६ लिटर मावतात. दोन्ही मिळून ३७. उरलेले तीन बहुधा वाचनांच्या सरासरीमुळे. डेटात घड्याळाचा फरक मिसळलाय असा माझा अंदाज आहे; पडताळायचं असेल तर अ ची पातळी उतरायला लागण्याची वेळ आणि ब ची चढायला लागण्याची वेळ बघा, आणि तसंच शेवटी. पाइप भरण्यामुळे फक्त सुरुवातीचा उशीर येईल. घड्याळ चुकलेलं असेल तर दोन्ही टोकांना सारखाच उशीर दिसेल. नंतर राहणारे ६ लिटर चिंतेचे नाहीत. प्रत्येक टाकीची अनिश्चितता ०.१ टक्का धरली तर ५ लिटर, दोन टाक्यांची मिळून ७.

दुसरा. स्टीम इजेक्टर वाफेच्या जोरावर द्रावण उचलतो आणि ती वाफ द्रावणातच थंड होऊन पाणी होते. काही टक्के पातळपणा येणारच. तुमचे १४० लिटर म्हणजे २.८ टक्के. क ची घनता बघा: ७००० किलो द्रावणात १४० किलो पाणी, एकूण ७१४० किलो, ५१४० लिटर, म्हणजे १.३८९ यायला हवी. आली तर गोष्ट मिटली. युरेनियमचे किलो तेच आहेत, फक्त पाणी वाढलंय. घनतेवरून युरेनियम काढायचं तर आम्लाची तीव्रता आणि तापमानही समीकरणात लागतं, ते विसरू नका.

तिसऱ्यावर जरा थांबतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. टाकीच्या वरून ऑफगॅसची (वायू बाहेर नेणाऱ्या यंत्रणेची) हवा ओढली जाते. द्रावण ४० अंशांवर असेल तर संपृक्त हवेत घनमीटरला सुमारे ५० ग्रॅम पाणी असतं. ताशी १ घनमीटर हवा ओढली जात असेल तर दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी जाईल. (द्रावणावरची बाष्पसंपृक्तता शुद्ध पाण्यापेक्षा थोडी कमी असते, म्हणून १.१ अगदी बसतं.) म्हणजे बाष्पीभवन शक्य आहे. पण शक्य आहे म्हणून तेच आहे, असं नाही.

फरक असा. बाष्पीभवनात पाणी जातं, युरेनियम राहतं, घनता वाढते. गळतीत सगळंच जातं, घनता तशीच राहते. एका दिवसात हे दिसणार नाही. क मध्ये ७१४० किलो, ५१४० लिटर धरा. दहा दिवसांत ११ किलो पाणी गेलं तर ७१२९ किलो भागिले ५१२९ लिटर, म्हणजे १.३८९१ ची १.३८९९. वाढ ०.०६ टक्के. तुमच्या २५० मिमी अंतराच्या जोडीवर एकूण दाब सुमारे ३४०० पास्कल, त्याचा ०.०६ टक्के म्हणजे २ पास्कल. चांगल्या क्वार्ट्झ ट्रान्सड्यूसरला, तासन्‌तासांची सरासरी घेऊन, हे जमतं. साध्या ट्रान्समीटरला जमणार नाही. वरची नळी ६०० मिमीवर नेता आली तर सिग्नल २.४ पट होतो. डिझाइन तुमच्या हातात आहे तोवर हे अंतर वाढवून घ्या. मात्र पातळी वरच्या नळीच्या खाली उतरली की घनता मोजता येत नाही. तेव्हा शेवटची चांगली घनता किंवा प्रयोगशाळेची घनता धरायची आणि त्या नोंदीवर तशी खूण ठेवायची.

डिप ट्यूब कशा फसवतात तेही सॉफ्टवेअरला शिकवा. नळीच्या टोकाशी युरेनिल नायट्रेटचे खडे जमले की दाब वाढतो आणि खोटी ‘वाढ’ दिसते. म्हणून पर्ज हवा (नळीतून सोडायची हवा) ओलसर करून सोडतात. बाहेरच्या गॅलरीतल्या जोडणीत हवा गळत असेल तर दाब कमी येतो आणि खोटी ‘घट’ दिसते. पर्जचा प्रवाह वाढवला की नळीतल्या घर्षणाचा दाब मिसळतो. बुडबुडा सुटताना दाब करवतीसारखा वरखाली होतो, म्हणून वाचन दर सेकंदाला घ्या आणि मिनिटाची सरासरी साठवा. ट्रान्सड्यूसर टाकीपेक्षा काही मीटर वर असेल तर मधल्या हवेच्या स्तंभाचं वजनही धरायचं.

नळ्यांचं अंतर ड्रॉइंगवरचं घेऊ नका. वेल्डिंगनंतर ते २५० चं २४९ झालेलं असू शकतं, आणि १ मिमी म्हणजे घनतेत ०.४ टक्के चूक. टाकी पाण्याने टप्प्याटप्प्याने, वजन केलेल्या मापांनी भरून जागेवर कॅलिब्रेट करतात, त्यातूनच हे अंतर काढतात. आणि एकदा नाही. किमान दोन-तीन वेळा भरून, दर वेळी पाण्याचं तापमान नोंदवून.

---

एमटेक_केमिकल

सर, खूप आभार. क ची घनता १.३८८ ते १.३९० मध्ये आहे, तुमचं गणित बसतंय. अ-ब मध्ये दोन्ही टोकांना ३१ सेकंदांचा उशीर सापडला. क च्या घनतेची सरासरी मात्र दहा दिवस सरळ रेषेत आहे, वाढ नाही. म्हणजे गाईडनी तिथे गळतीच घातली असावी?

एक शंका. वजनच हवं असेल तर टाकी लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या संवेदकांवर) टांगून थेट वजन का करू नये? डिप ट्यूबचे एवढे नखरे सांभाळण्यापेक्षा?

---

हिशेबनीस

गळती आहे असं म्हणण्याआधी दोन पास्कलची वाढ तुमच्या यंत्रणेला दिसली असती का, ते तपासा. सरासरीची प्रमाण त्रुटी १ पास्कलच्या वर असेल तर ‘वाढ नाही’ याचा अर्थ ‘कळत नाही’ एवढाच. नोंद करताना हे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवा.

आता मर्यादेबद्दल, कारण मूळ प्रश्न तो होता. १० लिटर, ५० लिटर असे आकडे हवेतून काढायचे नसतात. उलट दिशेने या.

आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या) हिशेबात प्लुटोनियमची ‘लक्षणीय राशी’ ८ किलो. वेगळं काढलेलं प्लुटोनियम असेल तर ते गेल्याचं महिन्याभरात कळलं पाहिजे. कळण्याची शक्यता ९५ टक्के आणि खोट्या अलार्मची ५ टक्के हवी असेल तर ८ किलो हे हिशेबाच्या फरकाच्या प्रमाण विचलनाच्या ३.३ पट असायला हवं. म्हणजे हे विचलन, सिग्मा, २.४ किलोच्या आत. हिशेबाचा फरक, ज्याला सगळे मफ म्हणतात, तो म्हणजे आरंभीचा साठा अधिक आवक वजा जावक वजा अखेरचा साठा.

मोठ्या प्रकल्पाला हे वर्षातून एकदाच्या ताळेबंदात जमत नाही. जपानमधल्या रोक्काशोची क्षमता वर्षाला ८०० टन इंधनाची, त्यातून सुमारे ८ टन प्लुटोनियम. पुनर्प्रक्रियेत प्लुटोनियमच्या ताळेबंदाची अपेक्षित अनिश्चितता १ टक्का धरतात. १ टक्का म्हणजे ८० किलो, दहा लक्षणीय राशी. म्हणून प्रकल्प न थांबवता दर काही दिवसांनी ताळेबंद काढायची पद्धत आली आणि त्यासाठीच टाक्यांचं सतत मापन लागतं.

पण इथे एक सापळा आहे. विद्यार्थी, आणि कधी कधी अनुभवी लोकही, समजतात की वारंवार ताळेबंद काढला की चूक आपोआप कमी होते. तुमचेच आकडे घ्या. एक बॅच ५ घनमीटर, म्हणजे १० किलो प्लुटोनियम. प्रत्येक बॅचची यादृच्छिक चूक ०.३ टक्के: ३० ग्रॅम. पद्धतशीर चूक (कॅलिब्रेशनची, प्रमाण नमुन्याची) ०.२ टक्के: २० ग्रॅम. शंभर बॅच झाल्या, १००० किलो गेलं. यादृच्छिक चुका एकमेकींना खातात, म्हणून ३० गुणिले १०, म्हणजे ३०० ग्रॅम. पद्धतशीर चुका एकाच बाजूला साठत जातात: २० गुणिले १००, म्हणजे २००० ग्रॅम. एकूण २.०२ किलो, आणि त्यातला जवळपास सगळा वाटा ‘छोट्या’ चुकीचा. जावकीच्या बाजूलाही तेवढीच धरली तर २.८६ किलो, २.४ ची मर्यादा ओलांडली. महिन्यातून दहा ताळेबंद काढा नाहीतर शंभर, हे २ किलो हलणार नाहीत. ते हलतात टाकी पुन्हा कॅलिब्रेट केल्यावर, वेगळ्या बॅचचे प्रमाण नमुने वापरल्यावर, दोन स्वतंत्र पद्धतींनी मोजल्यावर. प्रयोगशाळेत समस्थानिक-विरलन मास स्पेक्ट्रोमेट्री, आणि जोडीला पटकन उत्तर देणारी हायब्रिड के-एज डेन्सिटोमेट्री: पहिली ०.१ ते ०.२ टक्क्यांची, दुसरी प्लुटोनियमला त्याच्या काही पट ढिली, पण तासाभरात हातात येणारी.

तुमच्या प्रोजेक्टसाठी मी असं करेन. प्रत्येक घटनेला (उभी टाकी, ट्रान्सफर, नमुना घेणं, मिश्रण) स्वतंत्र सिग्मा काढा. फरक भागिले त्या घटनेचा सिग्मा, ही एकच राशी पुढे न्या. उभ्या टाकीचा सिग्मा अर्ध्या लिटरचा असेल, ट्रान्सफरचा सात लिटरचा. दोघांना एक मर्यादा लावली की एकीकडे आंधळेपणा आणि दुसरीकडे गोंगाट. मग त्या राशीवर पेजची संचयी चाचणी लावा: दर वेळी राशीतून ०.५ वजा करून बेरजेत टाकायचं, बेरीज शून्याखाली गेली तर शून्य करायची, आणि ४ च्या वर गेली तर अलार्म. एकतर्फी चाचणीत खोटा अलार्म सरासरी ३३० ते ३४० निरीक्षणांनी एकदा येतो, आणि एका सिग्माची सततची घट साधारण आठ निरीक्षणांत पकडली जाते. मर्यादा ५ केली तर खोटा अलार्म ९३० निरीक्षणांनी एकदा, पकडायला दहा निरीक्षणं.

एक अट आहे. लागोपाठचे मफ एकमेकांशी बांधलेले असतात, कारण एका ताळेबंदाचा अखेरचा साठा तोच पुढच्याचा आरंभीचा. साठा जास्त मोजला गेला तर आधीचा मफ खाली जातो आणि पुढचा वर. आधी सहप्रसरण सारणी (कुठला मफ कुठल्याशी किती बांधलेला, याचा तक्ता) मांडून त्यांना स्वतंत्र करून घ्या, मगच पेजची चाचणी. हे न करता लावलेली चाचणी परीक्षक लगेच पकडतील, आणि बरोबरच पकडतील.

आणि हिशेबातल्या खऱ्या ‘जावकी’ विसरू नका. जपानमधल्याच तोकाई पुनर्प्रक्रिया प्रकल्पात १९७७ पासून सुमारे ६.९ टन प्लुटोनियम हाताळलं गेलं आणि २००३ मध्ये एकत्रित फरक २०६ किलोचा जाहीर झाला. पुन्हा हिशेब केल्यावर १०६ किलो उच्च किरणोत्सारी द्रव कचऱ्यात, १२ किलो इंधनाच्या कापलेल्या कवचांत आणि २९ किलो प्लुटोनियम-२४१ च्या ऱ्हासात गेल्याचं दाखवलं गेलं. ५९ किलो उरले. प्लुटोनियम-२४१ चं अर्धायुष्य १४.३ वर्षं, म्हणजे वर्षाला ४.७ टक्के अमेरिशियम होऊन जातं. हे तर कागदावर काढता येणारं गणित आहे. ते वहीत वेळच्या वेळी टाकलं नाही की पुढे ‘हरवलेलं प्लुटोनियम’ म्हणून समोर येतं.

---

गरमसेल

लोडसेलचा प्रश्न छान विचारलात. इंग्लंडमध्ये सेलाफील्डच्या थॉर्प पुनर्प्रक्रिया प्रकल्पात (२०१८ मध्ये त्याचं काम थांबलं) हिशेबाच्या टाक्या तशाच होत्या: वजन करता यावं म्हणून टांगलेल्या. आणि तिथे काय झालं ते या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं.

टांगलेली टाकी मोकळी हवी, नाहीतर आधारांवरचा भार वजनात मिसळतो. पण तिला जोडलेले पाइप मात्र पक्के असतात. आत द्रावण ढवळलं जातं तेव्हा टाकी हलते. मूळ आराखड्यात हालचालीला आवर घालणारे अडसर होते. पुढे आराखडा बदलताना ते वगळले गेले. वर्षानुवर्षांच्या हालचालीने टाकीला जाणाऱ्या एका पाइपच्या नोझलला थकव्याची चीर पडली. २००४ च्या मध्यापासून पाझर सुरू झाला असावा आणि जानेवारी २००५ च्या मध्यावर पाइप पूर्ण तुटला, असं चौकशीत निघालं. गळती सापडली एप्रिल २००५ मध्ये, सेलमध्ये (टाक्यांभोवतीच्या जाड भिंतींच्या बंद खोलीत) कॅमेरा सोडल्यावर. तोवर ८३ घनमीटर द्रावण सेलच्या स्टेनलेस स्टीलच्या तळावर जमलं होतं: सुमारे २२ टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम. भागून बघा, लिटरला २६५ ग्रॅम आणि १.९ ग्रॅम येतात. म्हणजे जवळजवळ तुमच्या अ टाकीतलंच द्रावण. सेलने ते धरून ठेवलं, बाहेर काही गेलं नाही, पुढे ते परत मिळवलं गेलं. घटना अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर तिसऱ्या पातळीची ठरली आणि चालक कंपनीला ऑक्टोबर २००६ मध्ये ५ लाख पौंड दंड झाला.

आता मापनाच्या बाजूने बघा. बहुतेक गळती जानेवारीच्या मध्यानंतरची धरली तर तीन महिन्यांत ८३ घनमीटर, दिवसाला सरासरी ९०० लिटर. तुम्ही १.१ लिटरवर डोकं खाजवताय. सेलच्या सम्पची (गळलेलं जमा होणाऱ्या तळाच्या खड्ड्याची) पातळी मोजायची सोय होती. सम्पचे नमुने घेतले जात होते आणि त्यांत युरेनियम आलंही होतं. तरी ‘सेलमध्ये गळती आहे’ हे वाक्य कुणी उच्चारलं नाही, कारण नव्या प्रकल्पात गळती होणारच नाही अशी खात्री होती आणि सम्पची यंत्रणा नेहमीच कुरकुर करते असा समज रूढ झाला होता. शेवटी हिशेबातला फरक फुगला, हिशेबाच्या लोकांनी तो लावून धरला, आणि तेव्हा कुठे कॅमेरा आत गेला. म्हणजे द्रव्याच्या हिशेबाने गळती पकडली, पण काही महिने उशिरा.

तुमच्या डिझाइनसाठी यातून माझ्या मते हे निघतं. लोडसेल लावा, हरकत नाही, पण डिप ट्यूब काढू नका. दोघांच्या चुकांची कारणं वेगळी आहेत. लोडसेल पाइपच्या ताणाने फसतो, डिप ट्यूब खड्यांनी आणि हवेच्या गळतीने. दोघं एकच सांगतात तेव्हा विश्वास ठेवता येतो, आणि वेगळं सांगतात तेव्हा कोण फसलंय ते शोधायला जागा मिळते. सम्पची पातळी तुमच्या मॉडेलमध्ये चौथी टाकी म्हणून घ्या. तिचा अपेक्षित साठा शून्य. क रोज १.१ लिटर सोडत असेल आणि सम्प रोज १.१ लिटर चढत असेल तर दहा दिवस घनतेची वाट बघायची गरजच नाही. सम्पचा छेद कमी असल्याने तिथे लिटरभरही चटकन दिसतो.

---

बंडलमोजणी

विषय द्रावणाचा आहे, तरी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना जवळचं उदाहरण म्हणून भरीचं लिहितो. जड पाण्याच्या २२० मेगावॅटच्या अणुभट्टीत ३०६ चॅनल, प्रत्येकात १२ बंडल, एकूण ३६७२. भट्टी चालू असतानाच इंधन बदलतात, एका चॅनलला एका वेळी ८ बंडल, पूर्ण शक्तीवर सरासरी रोज एक चॅनल. म्हणजे भट्टी बंद करून झाकण उघडायची वाट बघत बसता येत नाही. इथेही सतत मापनच लागतं. राजस्थान, काक्रापार, नरोरा इथल्या ज्या भट्ट्या आयएईएच्या सेफगार्ड्सखाली (अणुद्रव्याच्या तपासणीखाली) आहेत त्यांना हे लागू पडतं.

इथे सिग्मा नाही, मोजणी पूर्णांकात. भट्टीच्या बाजूला न्यूट्रॉन-गॅमा डिटेक्टर बंडल बाहेर पडल्याचं सांगतात, पुढे स्पेंट फ्युएल बेच्या (वापरलेलं इंधन ठेवायच्या पाण्याच्या हौदाच्या) वाटेवर गॅमा डिटेक्टरांची ओळ असते. कुठला आधी उजळला यावरून दिशा कळते: बेकडे गेलं की उलट आलं. बे मध्ये कॅमेरे आणि सील. चुका होतात त्या वेगळ्या जातीच्या. बंडल जोडीने ढकलली जातात, तेव्हा दोनाची एक मोजली जाते. फ्युएलिंग मशीन बंडल पोटात घेऊन थांबलं की पार्श्वभूमी वाढते आणि पुढची शिखरं त्यात बुडतात. म्हणून भट्टीजवळची संख्या, वाटेवरची संख्या आणि चालकाची नोंद, तिन्ही दर फेरीला ८ म्हणतात का, हे बघायचं. एकाने ७ म्हटलं तर सरासरी काढायची नाही. कॅमेऱ्याची फीत त्या मिनिटाला नेऊन बघायचं.

---

एमटेक_केमिकल

सम्प जोडला. पहिले सहा दिवस काही नाही, सातव्या दिवसापासून रोज १.० ते १.२ लिटर चढतोय. मग आधीचे सहा दिवस क मधून गेलेलं कुठे होतं? आणि अलार्मच्या नोंदीत नेमकं काय काय ठेवावं?

---

दाबमापी

सहा दिवसांचे सुमारे साडेसहा लिटर. सम्पमधल्या नळीचं टोक तळापासून वर असतं. त्याच्याखाली जे साठतं ते तिला दिसतच नाही. सम्पचा कॅलिब्रेशन तक्ता मागून घ्या, टोकाखालचं आकारमान साडेसहाच्या आसपास निघालं तर उत्तर तिथेच आहे. नाही निघालं तर तळाच्या उतारावर साचलेलं धरा. दोन्ही शक्यता रिपोर्टात लिहा.

---

गरमसेल

नोंदीत हे हवं: कुठली घटना अपेक्षित होती (उभी टाकी, ट्रान्सफर, नमुना), फरक किती किलो आणि किती सिग्मा, त्याच वेळी घनता, तापमान, पर्ज प्रवाह आणि सम्प काय सांगत होते, दोन्ही घड्याळांतला फरक, कारण म्हणून काय ठरवलं आणि ते कुठल्या पुराव्यावर. ‘कारण’ या रकान्यात ‘उपकरणाचा दोष’ एवढंच लिहून नोंद बंद करता येणार नाही अशी सोय सॉफ्टवेअरमध्येच करा. कुठलं उपकरण, कुठल्या तपासणीने दोष सिद्ध झाला, दुरुस्तीनंतरचं वाचन किती, हे भरल्याशिवाय अलार्म उघडाच राहिला पाहिजे, आणि पाळी बदलताना उघडे अलार्म पुढच्या पाळीच्या पडद्यावर सगळ्यात वर आले पाहिजेत. मूळ वाचनं दुरुस्त्या करूनही पुसायची नाहीत. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात. वीज गेली तर ट्रान्सड्यूसरजवळच्या लॉगरमध्ये बॅटरीवर किमान काही दिवसांचा डेटा राहील असं बघा, आणि मधला खंड सरळ रेषेने भरू नका. ‘वाचन नाही’ अशीच खूण ठेवा. तुमच्या क ला चौथ्या दिवशी असा खंड पडला असता तर सरळ रेषेने गळतीचा वेगच बदलून दाखवला असता.

सम्पचा नमुनाही मॉडेलमध्ये घाला, युरेनियम ग्रॅम प्रति लिटर. क इजेक्टरनंतर पातळ झालेली आहे, म्हणून तिचं द्रावण २५० नाही, २४३ असेल. सम्पमध्ये २४३ सापडलं तर गळती क ची, २५० सापडलं तर ती आधीच्या दोन टाक्यांपैकी (अ किंवा ब) एकीची.